बाबांनी लपवलेला डबा

आमच्या घरात त्या वर्षी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी रोज जागा बदलायची. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तेल, मीठ, तिखट असं जे जे बाबांना जगण्यालायक वाटायचं ते सगळं बेताचं करून टाकलं होतं. आई ती बरणी कधी डाळीच्या डब्यामागे ठेवायची, कधी पिठाच्या पिंपात, एकदा तर देवघराच्या खालच्या कप्प्यात वातींच्या पुड्याशेजारी. बाबा दुपारपर्यंत ती शोधून काढायचे. चोरून खाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं; ते बरणी सरळ ओट्यावर आणून ठेवायचे, शेजारी ताट ठेवायचे आणि म्हणायचे, "वाढ." आई म्हणायची, "पाय चालत नाहीत, नाक मात्र चालतं." "मग करतेस कशाला?" "पोरीच्या डब्याला लागते. तिचं हृदय धड आहे." ती पोरगी म्हणजे मी. आज माझ्या ताटात उकडलेला दुधी येतो तेव्हा मला तोच दुधी खातानाचा बाबांचा चेहरा आठवतो आणि तेव्हा मी त्यांना किती सहज "खा हो, चांगलं असतं" म्हणत होते याचं हसू येतं.

आम्ही बिबवेवाडीत राहायचो. दोन खोल्या, पुढे जिना आणि मागे हातभर गॅलरी; गॅलरीतून टेकडी दिसायची. बाबांचं सोफा आणि गाद्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. फाटक्या सोफ्यांना नवी कव्हरं, गाड्यांच्या सीटा, लग्नाच्या गाद्या, असं सगळं तिथे व्हायचं. उश्यांचे अभ्रे आई घरात शिवायची, त्यामुळे शिवणयंत्राची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यातच माझा सगळा अभ्यास झाला. ऑपरेशननंतर बाबांना वजन उचलायची बंदी झाली आणि दुकान काकांनी हातात घेतलं. बाबा दोनतीनदा जाऊन स्टुलावर बसून आले. आपल्यावाचून सगळं नीट चाललंय हे पाहिल्यावर त्यांनी जाणंच सोडलं आणि गॅलरीत खुर्ची टाकली. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, हळूहळू चढही चढा. बसून राहिलात तर पुन्हा इथेच याल. पण बाबांना फिरायला जाणं ही कल्पनाच पटत नव्हती. ज्याने आयुष्यभर काम असेल तरच उंबरा ओलांडला, त्याला "सहज" बाहेर पडायची लाज वाटते. "कुठं निघालात म्हणून कुणी विचारलं तर काय सांगू? हवा खायला? दुधी खातोय तेवढा पुरे." भेटायला येणारे नातेवाईक सल्ले घेऊनच यायचे, म्हणून बेल वाजली की बाबा डोक्यावर चादर ओढून झोपेचं सोंग घ्यायचे. आई पाहुण्यांशी हसून बोलायची आणि ते गेले की माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायची, "मला भीती वाटते गं. हा माणूस त्या खुर्चीतच संपेल."

मला तेव्हा हिंजवडीत नवी नोकरी लागली होती. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस, आणि मध्ये काचेची इमारत. माझ्या शेजारी ओंकार नावाचा मुलगा बसायचा. तो शनिवारी गायब व्हायचा आणि सोमवारी हाताला ओरखडे घेऊन यायचा. एकदा विचारल्यावर त्याने सांगितलं की तो जिओकॅशिंग खेळतो. कुणीतरी अनोळखी माणूस एखादा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो. आपण फोन बघत तिथपर्यंत जायचं आणि मग फोन खिशात घालून डोळ्यांनी शोधायचं. डबा सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. मुख्य नियम एकच: आपल्याला कुणी बघता कामा नये. खेळाबाहेरच्या माणसांना पुण्यातल्या मंडळींनी "बघे" असं नाव दिलं होतं. मी म्हटलं, "आणि बक्षीस?" ओंकार म्हणाला, "बक्षीस काय, सापडतो ना."

माझा पहिला डबा बुधवार पेठेत सापडला. डबा कसला, औषधाची बाटली, पुस्तकांच्या दुकानाबाहेरच्या पाण्याच्या पाइपामागे तारेने बांधलेली. समोरून गणपतीच्या दर्शनाची गर्दी चाललेली आणि मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने पाइपामागे हात घालतेय. दुकानदार वहीतून मान वर न काढता म्हणाला, "नाडी बांधून झाली असेल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक यायचंय." माझ्या पायात चपला होत्या. पण ती बाटली हाताला लागली तो क्षण मी अजून विसरलेले नाही. रोज ज्या रस्त्याने हजार माणसं जातात, तिथेच कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी ठेवून गेलेलं असतं, ही गोष्ट मला फार आवडली. अजूनही आवडते.

दुसऱ्या महिन्यात सोपानराव भेटले. ऑफिसजवळच्या ओढ्याकाठी मी करंजाच्या झाडाभोवती घिरट्या घालत होते, तेवढ्यात त्याच झाडामागून पांढऱ्या कपड्यातले, साठीचे, मिशीवाले गृहस्थ उठून उभे राहिले. आम्ही दोघेही एकमेकांना बघे समजून आकाशाकडे पाहू लागलो. शेवटी तेच म्हणाले, "पोरी, डबा हुडकतीस का? हाय इथंच. मी सही केली, आता तू कर." ते तिथलेच. त्यांची जमीन कंपन्यांत गेली होती. "तू जिथं बसून काम करतीस ना, तिथं माझा हरभरा असायचा," ते म्हणाले. पैसा आला, गाडी आली, पण सकाळी उठून जायला शेत राहिलं नाही. नातवाने हा खेळ फोनवर दाखवला आणि तेव्हापासून सगळा तालुका पालथा घालत होते. मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "माणूस चांगला दिसतोय, जेवायला बोलव कधी." बाबा म्हणाले, "लोकांना पगार जास्त झालेत. पूर्वी आम्ही हरवलेल्या वस्तू शोधायचो, आता लपवून शोधतात."

पण एका रविवारी मी आमच्याच टेकडीवरचा एक डबा शोधायला गेले आणि दोन तास काटे टोचून घेऊन हात हलवत परतले. बाबा गॅलरीत होते. त्यांनी पेपर खाली केला. "कुठं कुठं बघितलंस?" मी सांगितलं. ते पुन्हा पेपर वाचू लागले. चहाच्या वेळी विचारलं, "झाडाच्या ढोलीत बघितलंस?" रात्री ताटावर विचारलं, "त्या फोनमध्ये जागा दिसते ती किती फुटांत?" दुसऱ्या दिवशी पहाटे मला यंत्राच्या घरघरीऐवजी बूट झटकल्याचा आवाज आला. बाबा दारात उभे होते. "चल, आज उशिराची बस पकड. तुझ्या आईने लपवलेलं मला सापडतं, परक्याचं काय न सापडायला झालंय." चढावर ते चारदा थांबले आणि प्रत्येक वेळी दम लागला म्हणून नव्हे, सभोवार नीट बघायचंय म्हणून थांबलोय असं दाखवलं. मी जिथे बसून पाणी प्यायले होते त्याच दगडी बाकाच्या खालच्या फटीत डबा होता. काखेत कळसा म्हणतात तसा. बाबांनी तो उघडला नाही. माझ्या हातात दिला आणि बाकावर बसून छातीवर हात ठेवून नुसते हसत राहिले. मी आधी घाबरलेच.

त्यानंतर बाबा रोज बाहेर पडू लागले. कुणी विचारलं तर "जरा काम आहे" असं सांगता यायचं, आणि ते खरंही होतं. आसपासचे डबे संपले तेव्हा ते म्हणाले, "आता आपण ठेवू." त्यांनी स्टीलचा एक जुना डबा घेतला आणि दुकानातून कातळाच्या रंगाचं रेक्झिन आणून त्याला असं कव्हर शिवलं, की डबा ओट्यावर ठेवला तरी आई "हा धोंडा इथे कुणी आणला" म्हणाली. आत घालायला त्यांनी सोफ्याची बटणं केली, मखमल चढवलेली, लाल, मोरपिशी, जांभळी. टेकडीवर पायवाटेच्या वळणावर एक सुटा, गुडघ्याएवढा दगड होता. त्याच्यामागच्या खोबणीत डबा बसला आणि तोंडाला एक चपटा दगड लावला. ते लावत असतानाच खालून तिघीजणी फिरायला वर आल्या. बाबा गुडघ्यावर, दगडाला चिकटलेले. दुसरं काही सुचेना तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. पुढच्या बाईंनी जाता जाता दगडाकडे पाहिलं आणि चपला काढून त्यांनीही नमस्कार केला. ऑपरेशननंतर बाबा खळखळून हसले ते त्या दिवशी, घरी येऊन आईला हे सांगताना. मग अ‍ॅपवर डब्याची माहिती टाकताना त्यांनी मला शेवटी एक ओळ लिहायला लावली: कुणी बघितलं तर दगडाला नमस्कार करावा, पुण्यात नमस्कार करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

लोक आज्ञाधारक निघाले. कोथरूडहून, चिंचवडहून, एकदा तर बंगळूरहून कामाला आलेला मुलगा येऊन गेला. संध्याकाळी मी बसमधून उतरले की बाबा माझा फोन मागायचे आणि कोण आलं, काय लिहिलं, कोणतं बटण नेलं हे वाचायचे. "मोरपिशी संपली," असं म्हणून दुसऱ्या दिवशी काकांकडून मखमलीचे तुकडे आणायचे, बटणं करायचे आणि ती पोचवायला वर जायचे. आईने चटणीची बरणी आता फडताळात उघड्यावर ठेवायला सुरुवात केली होती आणि अर्धा चमचा का होईना, मोजून वाढायची. तो काळ मला आठवतो तो सगळा सकाळच्या उन्हाचाच आठवतो.

गडबड नमस्कारांनी केली. रोज दोघं-चौघं एकाच दगडापुढे वाकून हात जोडतात हे टेकडीवरच्या नेहमीच्या मंडळींनी पाहिलं. आधी दगडावर कुंकू आलं. मग झेंडूची दोन फुलं, मग नारळ. मग कुणीतरी शेंदूर फासला, आणि एका गुरुवारी बाबा वर गेले तर दगडाला चांदीचे डोळे लावलेले होते. लोक त्याला म्हसोबा म्हणू लागले. पायाशी हारांचा आणि उदबत्त्यांचा असा ढीग पडू लागला की खोबणीपर्यंत हात जाईना, आणि देवापुढे सतत कुणी ना कुणी उभं. अ‍ॅपवर लोक लिहू लागले, "सापडला नाही, आरती चालू होती." आई म्हणाली, "रोज हात जोडायला लावलंत, मग आणखी काय होणार? मानला तर देव." आणि तीही एकदा हळूच जाऊन नारळ वाढवून आली. त्यात बातमी आली की रविवारी तिथे सिमेंटचा ओटा बांधणार आहेत. म्हणजे डबा कायमचा आत.

बाबा तीन दिवस वर गेले नाहीत. खुर्ची पुन्हा गॅलरीत आली. "दुसरा डबा करू ना," मी म्हटलं. "कशाला? त्याचाही कुणी मारुती करेल," ते म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ओटा झाला की हे परत पहिल्यासारखे. तू आणलंस ना हे डब्यांचं, आता तूच काहीतरी कर." मी ओंकारला आणि सोपानरावांना बोलावलं. सोपानराव येताना स्वतःच्या शेतातली नसली तरी ओळखीच्या शेतातली मेथीची जुडी घेऊन आले आणि म्हणाले, "अंधार पडला की जाऊ, दगुड सारू, डबा काढू, कुणाला पत्ता लागायचा न्हाई." चादरीतून बाबांचा आवाज आला, "माझाच डबा मी चोरू होय?" मग ते उठून बाहेर आले, दाढी वाढलेली, बनियनवर. "मी सांगतो त्यांना. सरळ." आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. ज्या माणसाला सख्ख्या मेव्हण्याशी दोन वाक्यं बोलायची नव्हती तो टेकडीभर लोकांशी बोलणार होता.

रविवारी वर वाळूची घमेली आली होती. ओट्याचं सगळं आगाशेबाई बघत होत्या. पहिल्या दिवशी चपला काढून नमस्कार करणाऱ्या त्याच. शाळेतून निवृत्त झालेल्या, पाठ ताठ, डोक्याला स्कार्फ. भोवती वीसेक माणसं. बाबा पुढे झाले. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला.

"अहो, जरा थांबता का? या दगडामागे माझा डबा आहे."

"जेवणाचा?" आगाशेबाईंनी विचारलं.

"नाही. खेळाचा." आणि बाबांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन, खुर्ची, रेक्झिन, बटणं, आणि तो नमस्कार. मध्ये अडखळले तेव्हा ओंकार पुढे होणार होता, पण सोपानरावांनी त्याला मागे खेचलं.

"म्हणजे," आगाशेबाई सावकाश म्हणाल्या, "इतके महिने मी तुमच्या डब्याला फुलं वाहत होते."

"दगडाला. डबा मागे होता."

मागून एक गृहस्थ तापले. हा श्रद्धेचा अपमान आहे, अशी माणसं टेकडीवर येताच कामा नयेत, वगैरे बोलू लागले. बाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा घराबाहेर पडत नाहीत. आगाशेबाईंनी त्या गृहस्थांकडे वळूनही पाहिलं नाही. "श्रद्धा माझी, फुलं माझी, झाडावरून मीच तोडलेली. तुम्ही एकदा उदबत्ती आणलीत, तीही विझलेली." मग बाबांना म्हणाल्या, "देव आहे की नाही हे तुमच्या डब्यावरून ठरत नाही. मला इथे बरं वाटतं, मी येणार. तुम्ही तुमचा डबा काढा आणि लवकर काढा, सिमेंट भिजवलंय." बाबांनी दगडाला आधी नमस्कार केला, या वेळी कुणापासून काही लपवायचं नव्हतं, आणि हार बाजूला करून डबा काढला. तो हातोहात फिरला. आगाशेबाईंनी चष्मा वर करून शिवण पाहिली, मग आतून जांभळं बटण उचललं, पर्समधली खडूची कांडी काढून आत ठेवली. "आता दुसरीकडे कुठे ठेवणार?" बाबा सांगू लागले तसा त्यांनी हात वर केला. "मला सांगू नका. मी शोधीन. मुली, ते फोनमधलं काय असतं ते मला दाखव."

डबा नव्या जागी गेला आणि बाबा सकाळी पहिल्यासारखे वर जाऊ लागले. वर काय करायचे ते आम्हाला फारसं कळायचं नाही. यायचे उशिरा, आणि "जरा काम होतं" एवढंच सांगायचे. पुढे थंडीत त्यांना ताप भरला. साधाच ताप, पण आईने अंथरुणातून उठू दिलं नाही. दोन दिवस गेले. मी सुट्टी घेऊन घरी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली आणि बाबांनी सवयीने डोक्यावर चादर ओढली.

दारात आगाशेबाई होत्या, जिना चढून लागलेला दम लपवत. त्यांच्यामागे सोपानराव, त्यांच्यामागे ओंकार, आणि त्यांच्यामागे चार-पाच माणसं, बहुतेक मी कधी न पाहिलेली. त्यांतले एक तर त्या रविवारी तापलेले गृहस्थ. "इथेच ना?" आगाशेबाईंनी मला विचारलं. "सोफ्याचं दुकान एवढंच माहीत होतं आम्हाला. नाव नाही, पत्ता नाही. या दोघांना घर माहीत होतं, पण मी म्हटलं अजिबात सांगायचं नाही, आम्ही शोधू. बिबवेवाडीत सोफ्याची दुकानं किती आहेत ते आज कळलं. प्रत्येक ठिकाणी आपले विचारतोय, टेकडीवर येणारे, कमी बोलणारे, ऑपरेशन झालेले. आहेत का घरात?"

मी उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतली कॉट करकरली. बाबा चादर खांद्यावर तशीच घेऊन दारात येऊन उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "सापडलो म्हणायचा," ते म्हणाले. "या, आत या. चपला राहू देत." दोन खुर्च्या होत्या, बाकीचे आईने शिवलेल्या उश्यांवर आणि जमिनीवर बसले. सोपानराव गॅलरीत जाऊन टेकडी बघत म्हणाले, "हितनं तर डबा दिसतोय की हो," आणि आगाशेबाई म्हणाल्या, "गप्प बसा, मला अजून सापडायचाय."

आई स्वयंपाकघरात पोह्यांसाठी मोठं पातेलं काढत होती. तिने मला जवळ बोलावून विचारलं, "कोण गं ही बाकीची एवढी माणसं? दुकानाची गिऱ्हाइकं का?"

"नाही. मित्र आहेत बाबांचे."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती त्यांच्या. घरात नातेवाईक यायचे, गिऱ्हाइकं यायची, उधारी मागणारे यायचे. बाबांचे मित्र कधी कुणी आले नव्हते, कारण नव्हतेच. आईने पातेलं खाली ठेवलं. बाहेर बाबा काहीतरी बोलले आणि सगळे हसले. मग तिने पदराने डोळे पुसले, आधी माझे, मग स्वतःचे, आणि म्हणाली, "कपबश्या पुरायच्या नाहीत. शेजारून आणायला जा, आणि कुणाकडे आलेत म्हणून विचारलं तर सांग, आमच्याकडे."